माका मान वर काढत नाही

वहिनी, कुळगावातल्या फोटो स्टुडिओवाल्याने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं चुकीचं उत्तर देऊन आले. तुझा एकटीचा, सरळ समोर बघणारा फोटो घरात एकच निघाला, महिला मंडळाच्या ओळखपत्रासाठी काढलेला. बोटभर फोटो. तू गेल्यावरच्या जलदान विधीला मोठा करून हवा होता म्हणून घेऊन गेले. त्याने तो कॉम्प्युटरवर चढवला, तुझा चेहरा पडदाभर झाला, आणि माउसवर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, केस काळे करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे. हल्ली सगळेच करून घेतात."

दोन मिनिटांचं काम! तू असतीस तर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली असतीस आणि आवळकाठी लोखंडी कढईत किती वेळ भिजली पाहिजे इथपासून सुरुवात केली असतीस. माझी जीभ एरवी कशी चालते ते तुझ्याइतकं कोणी सोसलेलं नाही. त्या दिवशी तिच्यावर कोणी दगड ठेवल्यासारखं झालं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेवटी म्हटलं, "राहू द्या. आहे तसाच द्या."

तसाच दिला त्याने. बुद्धमूर्तीशेजारी मांडला, पांढरी फुलं वाहिली, सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. तुझ्या माहेरची माणसं आली होती, आपल्या हेंद्रेपाड्यातली अर्धी आळी आली होती. जो तो फोटोकडे बघून म्हणत होता, "किती लवकर पिकली हो ही, एकोणपन्नास म्हणजे काय वय आहे?" मी मान खाली घालून चहाचे कप भरत राहिले. तू का पिकलीस ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आता सगळे गेले. घरात मी आहे आणि तू भिंतीवर आहेस.

तू या घरात आलीस तेव्हा वीस वर्षांची होतीस आणि मी बावीस. दादाची बायको म्हणून मी तुला वहिनी म्हणायचं आणि वयाने मोठी म्हणून तू मला ताई म्हणायचं, असा आईने न्याय केला. चारचौघांत तू तो पाळलास. आपण दोघीच असलो की मी नुसती कुंदा. लग्नानंतर पंधरा दिवसांतच तू माझ्या डोक्यात बोटं घालून म्हणालीस, "कुंदा, तुज्या भांगात चुना सांडलाय काय गं?"

बाविसाव्या वर्षी माझे कानावरचे केस पांढरे झाले होते. घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे, जसं काही बोललं नाही तर ते दिसणार नाहीत. स्थळं येत होती आणि चहा पिऊन जात होती. तू आलीस आणि सरळ चुना म्हणालीस. मला राग आला, मग हसू आलं, मग मी रडले. दुसऱ्या दिवशी तू नदीकडच्या भाताच्या बांधांवरून ओंजळभर हिरवा पाला घेऊन आलीस. आई म्हणाली, "नव्या नवरीने बांधावर कशाला जायचं?" तू म्हणालीस, "माका काय घरी चालत येणाराय?"

तिथून ते तेल सुरू झालं. माक्याचा पाला पाट्यावर वाटायचा, रस गाळायचा, त्यात खोबरेल तेल, आवळकाठी, कढीपत्ता, दारातल्या जास्वंदीची फुलं आणि चिमूटभर मेथ्या. हे सगळं तुझ्या आजोळाहून आलेल्या लोखंडी कढईत, मंद आचेवर. तेल झालं की नाही हे तू कधी घड्याळावर ठरवलं नाहीस. कापसाची वात त्यात बुडवून पेटवायचीस. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, गपगुमान जळली तर तेल झालं. मग दादाच्या जुन्या लुंगीच्या फडक्यातून गाळून बाटलीत. तुझे दोन्ही तळहात दोन दिवस काळे राहायचे. हळदीकुंकवाच्या बायकांच्या हातावर मेंदी असते, तुझ्या हातावर माका असायचा, आणि त्याच हातांनी तू भाकरी थापायचीस म्हणून दादा ओरडायचा.

माझं लग्न त्या तेलाने काही जमलं नाही. दोन स्थळं मलाच पसंत पडली नाहीत, मग आई अंथरुणाला खिळली, मग अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रंगांच्या कंपनीत मला नोकरी लागली आणि मला लग्नाहून ती बरी वाटली. पण तेल थांबलं नाही. रविवार म्हणजे तेल. अलीकडे बदलापूरला रविवारी दुपारीही लाइट जायची, तेव्हा पंखा बंद, टीव्ही बंद, आपण दोघी मागच्या ओट्यावर. मी खालच्या पायरीवर, तू वरच्या. तुझे गुडघे माझ्या खांद्यांना टेकलेले. वाटीतलं कोमट तेल टाळूवर थापायचीस, मग कपाळापासून मानेपर्यंत बोटं फिरवायचीस, आणि मी तुझ्याशी वाद घालायचे.

तो वाद काही मिटला नाही, वहिनी. माझं म्हणणं, पांढरा झालेला केस पुन्हा काळा होत नाही, तेलाने फार तर कोंडा जातो, केस मऊ होतात, डोकं शांत होतं. माझं आयुष्य रंगांत गेलं. कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर धाग्याच्या लडी रंगवायच्या आणि नमुन्याशी जुळवून बघायच्या, हे माझं काम. झाक जरा तांबूस गेली, जरा हिरवट गेली तरी माझ्या डोळ्याला खुपतं. तू म्हणायचीस, "तुज्या कंपनीत एवढे रंग हाय, आणि घरातल्या डोक्याला एक नाय." एकदा मी हट्टाने तुझं तेल डबीत घालून लॅबमध्ये नेलं. पांढऱ्या सुताची लडी त्यात आठ दिवस बुडवून ठेवली, धुतली, वाळवली आणि तुझ्यासमोर आणून टाकली. "बघ! पांढरी ती पांढरीच."

तू ती लडी हातात घेतलीस, उलटीपालटी केलीस आणि विचारलंस, "याला मूळ कुठं हाय?"

"धाग्याला मूळ कुठलं असणार?"

"मंग? मी मुळाला तेल लावते, कुंदा. तू शेंड्याचा हिशेब मागतेस."

दादा खो-खो हसला होता. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेल्या मला सातवी पास वहिनीने गप्प केलं होतं. ती लडी तू फेकली नाहीस. जास्वंदीला आधाराची काठी बांधायला वापरलीस, अजून तिथेच आहे. उन्हापावसाने ती पिवळट झाली आहे. काळी मात्र झाली नाही, हे लक्षात असू दे.

मग दादा गेला. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते आपण दोघींनी पुष्कळ रडून घेतलंय. मूल नव्हतं. आई आधीच गेली होती. घरात दोन बायका उरल्या, एक नणंद, एक भावजय. लोकांना वाटायचं आता भांडणं होतील. झाली नाहीत. तू डबा भरून द्यायचीस, मी पगार आणायचे, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की कोपऱ्यावरूनच आपल्या स्वयंपाकघराचा दिवा दिसायचा. मला तेवढं पुरत होतं. तुला पुरत होतं की नाही हे मी विचारलं नाही.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली आणि तुझ्यासाठी स्थळ आलं. आपल्यात विधवेच्या लग्नाला कोणाची ना नाही. तुझ्या मामानेच आणलं होतं. माणूस चांगला होता, बायको वारलेली, उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये राहणारा, एका कारखान्यात फोरमन. रविवारी तो आणि त्याची बहीण आपल्याकडे येणार होते. तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज जरा बारीक झाला होता. मी म्हटलं, "चांगलंय की." एवढंच. आणि आठवडाभर तुझ्याशी भाजी काय करायची याखेरीज बोलले नाही.

शनिवारी माझी अर्धी सुट्टी. दुपारी घरी आले तर तू मागच्या ओट्यावर एकटी बसली होतीस. पुढ्यात कढई. आवळ्याची पूड, माक्याचा रस आणि चहाचं पाणी यांचा काळाकुट्ट लेप तू केसांना लावत होतीस. तेव्हा तुझे चारच केस पांढरे होते, भांगाच्या कडेला. समोर भिंतीला आरसा टेकवलेला. तू गुणगुणत होतीस, वहिनी. दोन वर्षांत मी तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मी दारात उभी राहून म्हणाले, "दादा तर गेला. आता कोणासाठी काळे करतेस?"

कोणासाठी ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं. मी दादाचं नाव पुढे केलं, पण मला त्या क्षणी दादाची आठवण नव्हती. मला एवढंच दिसत होतं की तू गेलीस तर कोपऱ्यावरून दिवा दिसणार नाही. बाविसाव्या वर्षी मला दाखवायच्या दिवशी सकाळी सहाला उठून तू असाच लेप लावून माझं डोकं रंगवायचीस. एकदाही 'कोणासाठी' विचारलं नाहीस. आणि तुझी वेळ आली तेव्हा मी विचारलं. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी केलं.

आरसा उचलून आत ठेवलास. मोरीत जाऊन डोकं धुतलंस, पाणी किती वेळ काळं वाहत होतं ते मी स्वयंपाकघरातून बघत होते. लेप अर्धवट राहिला होता, त्यामुळे चार केसांपैकी दोन तांबूस झाले. रविवारी तू मामाला नको म्हणून निरोप पाठवलास. आणि त्या रविवारी दुपारी वाटी घेऊन ओट्यावर येऊन बसलीस आणि म्हणालीस, "ये, डोकं आण."

मी जाऊन बसले. मला बरं वाटलं होतं, वहिनी. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मला लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

त्यानंतर तू स्वतःच्या डोक्याला ना माक्याचं तेल लावलंस, ना लेप. शेजारच्या बायकांना बाटल्या भरून दिल्यास. कोणाचे केस गळतात, कोणाच्या डोक्यात चाई पडली, कोणाच्या सुनेला बाळंतपणानंतर टक्कल पडायला आलं, सगळ्यांना तुझं तेल. तू साधं खोबरेल लावून घट्ट अंबाडा बांधायचीस. वर्षभरात भांगाच्या दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या, तीन वर्षांत सगळं डोकं. कोणी विचारलं की म्हणायचीस, "सोनाराच्या कानात डूल नसतं." बायका हसायच्या. मीही हसायचे.

एक शब्द परत घ्यायला किती वेळ लागतो? आठ-नऊ वर्षं मी रोज तुझ्या हातचं जेवले. किती वेळा तोंडाशी आलं. पुराच्या वर्षी तर अगदी ओठांवर आलं होतं. पाणी ओसरल्यावर आपण घरातला गाळ काढत होतो आणि तुला चुलीखाली ती कढई सापडली, तांबेऱ्याने लाल झालेली. कपडे गेले, फ्रिज गेला, आणि तू कढई छातीशी धरून म्हणालीस, "बरं झालं गंजली. लोखंड उतरलं पाहिजे तेलात." मग तीच कढई मांडीवर घेऊन चिखलात बसून रडलीस. तेव्हा तुझं डोकं माझ्या हाताजवळ होतं. पांढरं, गाळाने माखलेलं. म्हणणार होते, वहिनी, या वेळी पहिला लेप तू लाव. त्याऐवजी म्हटलं, "ऊठ, अजून मोरी साफ व्हायचीय."

माझी जीभ चुकीच्या ठिकाणी पळते आणि नको तिथे बसून राहते.

तुझं जाणं इतकं झटपट झालं की मला नीट काही कळलंच नाही. चार दिवसांचा ताप. रविवारी तू माझ्या डोक्याला तेल लावलंस तेव्हा तुझा हात नेहमीपेक्षा गरम लागला. मी म्हटलं, "तेल जास्त तापलंय." तू म्हणालीस, "तेल नाय, मी तापलेय." आपण दोघी हसलो. मग तू बाटली उजेडाकडे धरून बघितलीस आणि म्हणालीस, "संपत आलं. माका तोडायचा राहिलाय, पाणी उतरलं की जाऊ." गुरुवारी दुपारी हॉस्पिटलच्या कॉटवर तू माझा हात धरून काहीतरी पुटपुटत होतीस. मला फक्त "कढई" कळलं. कढईचं काय, वहिनी? विस्तवावर राहिली होती का? मला देऊन टाक म्हणालीस, की कोणाला देऊ नको? मी "हो, हो" म्हणत राहिले.

पहिले दोन रविवार मी ओट्यावर गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी बाटलीतलं उरलेलं तेल वाटीत ओतलं आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले. सवयीने खालच्या. वरची पायरी मोकळी. आपला हात आपल्या टाळूपर्यंत पोचतो, त्यात अडचण काही नाही. लावलं. दोन मिनिटांत झालं. तू तास घ्यायचीस. मी त्या तासाला तेल लावणं समजत होते. मग मी तिथेच संध्याकाळपर्यंत बसून राहिले, कारण आत जाऊन करायचं काय हे सुचेना.

पुढच्या रविवारी ठरवलं की तेल आपणच करायचं. बघून बघून पाठ झालं होतं. बांधांवर गेले, माका दिसला, छोटी छोटी फुलं, चांगला पिशवीभर खुडून आणला. वाटला, गाळला, कढईत चढवला. वात तडतडली, थांबली, सगळं तुझ्यासारखं. पण तेल हिरवटपिवळं निघालं आणि माझे हात नुसते हिरवे. धुतले आणि स्वच्छ झाले. रंगात आयुष्य काढलेली बाई मी, मला तिथेच कळायला हवं होतं. पिशवीत उरलेली काडी बघितली. लांब दांडा, त्याच्या टोकाला एकच फूल. ती एकदांडी होती! तू मला शंभरदा दाखवली होतीस. "हिचा दांडा लांब, ही फसवते. माका पाण्याला धरून असतो, त्याचं फूल पानाच्या बेचक्यात. माका मान वर काढत नाय." मी तेव्हा ऐकत नव्हते, मी तुझ्याशी वाद घालत होते. सगळं तेल वाया गेलं. मी कढईसमोर बसून मोठ्याने म्हटलं, "वहिनी, मला माकासुद्धा ओळखता येत नाही." घरात कोणी नव्हतं म्हणून बोलता आलं.

आवळकाठी संपली होती. म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प एकला गेले, जिच्याकडून तू आवळकाठी आणायचीस त्या सिंधी काष्ठौषधीवालीकडे. तू नेहमी आठवड्याच्या मधल्या वारी जायचीस, मी कामावर असायचे, त्यामुळे मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. गल्लीत विचारत विचारत पोचले. जाडजूड, चष्मा लावलेली बाई, गोण्यांच्या मधोमध बसलेली. तुझी पिशवी तिने ओळखली, ती हिरवी, ज्यावर तू ठिगळ लावलं होतंस.

"ये तो अदीका थैला है," ती म्हणाली. त्यांच्यात बहिणीला अदी म्हणतात. "अदी किधर है? दो महिना हुआ, आई नहीं."

मी सांगितलं. तिने चष्मा काढला. तराजूतला आवळा तसाच राहिला. दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली तरी तिने बघितलं नाही. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "कितना बोली मैं उसको. अदी, सारी दुनिया के वास्ते ले जाती है, खुद के सर पे भी लगा. तेरी क्या उमर हुई है? हसती थी. हर टाइम एकही बात. बोलती थी, कुंदा बोलेगी तो लगाऊंगी." आणि मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "ये कुंदा कौन है?"

वहिनी, मी काय सांगणार होते? म्हटलं, "नणंद है उसकी."

"तो बोली क्यों नहीं?"

मी आवळकाठीची पुडी घेतली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. बाजारात एवढी माणसं होती, हातगाड्या, रिक्षा, कोणी कापडाचे तागे डोक्यावर घेऊन चाललेलं, आणि त्या सगळ्या गर्दीत मला असं वाटलं की माझ्या ओळखीचं या जगात एकही माणूस नाही. तू रागावली नव्हतीस. रागावली असतीस तर मी सोसलं असतं. तू वाट बघत होतीस. मी एकदा 'लाव' म्हणावं म्हणून. दर रविवारी माझ्या टाळूवर हात फिरवताना वाट बघत होतीस आणि मी खाली बसून धाग्याच्या लडीबद्दल बोलत होते.

काल रविवार होता. सकाळीच निघाले. बांधांवरून पुढे, नदीच्या अलीकडे जिथे ओहोळ वळतो आणि आपण चपला काढून जायचो, तिथपर्यंत गेले. एकदांडी जागोजागी मान वर काढून उभी होती, तिला ओलांडून गेले. खाली ओलीजवळ वाकून बघितलं. पानाच्या बेचक्यात पांढरं, टिकलीएवढं फूल. चार पानं खुडली आणि उजव्या तळहातावर दोन्ही हातांनी चुरगाळली. आधी नुसतं हिरवं झालं. मी तशीच हात पसरून बांधावर बसले. मग हिरवं गडद झालं, मग करडं, मग तळहाताच्या रेघांतून काळं दिसायला लागलं. माझ्या हातावर तुझा हात उमटल्यासारखं झालं आणि मला रडू आवरेना.

पाला पिशवीत भरला, पण घरी नाही गेले. आधी कुळगावात गेले, फोटोवाल्याकडे. रविवारचा त्याचा अर्धा दिवस असतो, तो कुलूप काढायच्या बेतात नव्हता, लावायच्या बेतात होता. माझ्या पायांना चिखल. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशीचा फोटो कॉम्प्युटरमध्ये आहे ना अजून? पांढऱ्या केसांचा?"

"आहे की. काय झालं, फ्रेम फुटली?"

"फ्रेम ठीक आहे. दुसरा काढून द्या. केस काळे करून."

त्याने कुलूप परत काढलं, भला माणूस. मशीन चालू केलं. तू पुन्हा पडदाभर झालीस. त्याने काळा रंग घेतला आणि भांगावरून फिरवला. मी म्हटलं, "हा नको, हा बाटलीतला काळा आहे. जरा हिरवट झाक पाहिजे. खाली तांबूस." तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी उजवा हात पडद्याशेजारी धरला, उघडा. "हा. हा रंग घ्या."

त्याने हात बघितला, पडदा बघितला, बटणं दाबत राहिला. दोनदा चुकला, मी दोनदा सांगितलं. हळूहळू तू चाळीसची झालीस. ओट्यावर बसलेली, पुढ्यात आरसा घेतलेली. लेप पुरा लागलेली.

"पण ताई," रंग भरता भरता तो सहज म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं, "जलदान तर झालं. सगळ्यांनी बघून झालं. आता कोणासाठी?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."